टिनाखालचं जिप्समचं सिलिंग मधून लोंबलंय, टेकू देऊन वर उचललं तर भागेल का?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)
घरावर टिनपत्रे आहेत. खाली १२ बाय १४ च्या खोलीत १२.५ मिमीच्या साध्या जिप्सम बोर्डाचं सिलिंग. मधल्या दोन बोर्डांनी पोट काढलंय. आडवा दोरा ताणून मोजलं तर मधोमध सव्वा इंच भरलं. लाइटच्या भोकातून वर पाहिलं, तर खालचे चॅनल दोन-दोन फुटांवर आहेत आणि सगळा सांगाडा बाइंडिंग तारेवर टांगलाय. बोर्ड आता कोरडे आहेत, एका कोपऱ्यात पिवळा डाग आहे. उन्हाळ्यात याच खोलीत कूलर चालतो. बोर्ड बदलावेच लागतील का?

उत्तर १
भाऊ, आधी बोर्ड लोंबलाय की सांगाडा, हे ठरवा. दोरा बोर्डाखाली न धरता चॅनलखाली धरा. चॅनल सरळ आणि दोन चॅनलच्या मध्येच पोट असेल, तर दोष बोर्डाचा. चॅनलच खाली आला असेल, तर तार ताणली किंवा गंजली. तुमच्याकडे दोन्ही असावं, कारण दोन फूट अंतर या बोर्डाला जास्तच आहे. दीड फुटाच्या वर जाऊ नये.

सव्वा इंच पोट आलेला बोर्ड पुन्हा सरळ होत नाही. ओला असताना वाकलेला जिप्सम वाळला की त्याच आकारात राहतो. जोर लावून वर दाबला तर स्क्रूच्या डोक्याभोवती कागद फाटतो आणि बोर्ड तिथूनच सुटतो. दोन्ही बोर्ड बदला. अर्ध्या इंचाच्या आत असतं, तर टेकू देऊन जास्तीचे स्क्रू मारून भागलं असतं.

उत्तर २
वरच्याशी सहमत. काम असं करा.

मेन स्विच बंद करा. शेजारच्या चांगल्या बोर्डांखाली बल्लीचा टी टेकू लावा: वर चार फुटी फळी, खाली लाकडी पाचर. पाचर हळूहळू ठोका, नाही तं चांगला बोर्डही तडकते. मग खराब बोर्डांचे स्क्रू काढा. ६ बाय ४ चा कोरडा बोर्ड १९-२० किलोचा असतो, ओला त्याहून जड, म्हणून उतरवायला दोन माणसं हवीतच.

बाइंडिंग तार पूर्ण काढा. तिच्या जागी जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) सिलिंग अँगल घ्या. वरचं टोक छताच्या लोखंडी पाइपाला दोन सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडणाऱ्या) स्क्रूंनी, खालचं टोक इंटरमीजिएट चॅनलला (खालचे चॅनल ज्याला अडकतात त्या वरच्या चॅनलला) नटबोल्टनं, दर चार फुटांवर. पत्र्याला काहीही टांगू नका. वारा आला की पत्रा हलतो, आणि वानरांनी उड्या मारल्या की प्रत्येक धक्का थेट सिलिंगला जातो.

खालच्या दर दोन चॅनलच्या मध्ये एक नवीन सिलिंग सेक्शन (बोर्ड स्क्रूनं बसतो तोच खालचा चॅनल) घाला. ६ बाय ८ च्या जागेला तीन लागतील, अंतर एक फुटावर येईल. बोर्डाची लांबी चॅनलला आडवी ठेवा. स्क्रू २५ मिमीचे, ९ इंचांवर, कडेपासून अर्धा इंच आत. डोकं कागदात किंचित दबावं, कागद फाटता कामा नये; फाटला तर दोन इंच बाजूला दुसरा मारा. दोन बोर्डांना १०० च्या आसपास लागतात, १५० आणून ठेवा.

जोडावर पीओपी भरू नका. पत्र्याखाली ऊन-गारव्यानं सांगाडा हलतो आणि कडक पीओपी रेषेत तडकतो. पेपर टेप आणि जॉइंट कंपाउंड (जोड भरायचा तयार लेप) वापरा, तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. शेवटचा हात १० ते १२ इंच रुंद पसरवा, म्हणजे जोड दिसत नाही.

उत्तर ३
सगळं बरोबर, पण पाणी कुठून आलं ते पाहिलं नाही तर नवे बोर्डही लोंबतील.

पिवळ्या डागाच्या सरळ वर शोधू नका, चढाच्या बाजूला शोधा. पाणी पाइपावरून वाहत येऊन खाली टपकतं. स्क्रूंचे रबरी वॉशर उन्हानं कडक होऊन चिरतात, ते बदला. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर असावा, नाळीत नको. पावसाळ्यात रात्री पत्र्याला आतून घाम येतो, तेही थेंब बोर्डावरच पडतात. म्हणून दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळीची झरोकी ठेवा. जाळी बारीक हवी, नाही तर वर उंदीर बिळं करतात.

दुसरं कारण कूलर. खोली बंद ठेवून चालवला तर सगळा ओलावा बोर्डात शिरतो. समोरची खिडकी उघडी हवी. साध्या बोर्डाऐवजी हिरवा मॉइश्चर बोर्ड घ्या. तो ओलावा जास्त सोसतो, गळती मात्र नाही. बोर्ड पत्र्यापासून जितका खाली तितका चांगला, कारण सतत ५२ अंशांच्या वर तापलं की जिप्सममधलं पाणी उडून तो भुसभुशीत होतो.

प्रश्नकर्ता
पंखा सिलिंगच्या चॅनलवरच आहे. आणि काम आता करू की पावसाळ्यानंतर?

उत्तर २
पंखा आधी उतरवा. त्याला छताच्या पाइपावरून स्वतंत्र रॉड द्या, बोर्डाला फक्त रॉडपुरतं मोठं भोक ठेवा. पत्र्याचे वॉशर, झरोकी आणि टांगणी मृगाच्या आत उरकून घ्या. नवे बोर्ड दिवाळीच्या आसपास लावा. भर पावसात कंपाउंड वाळायला दिवस लागतात, आणि ओल्या जोडावर रंग मारला की त्याला फोड येतात.