सुट्टीला मडगाव? दरवर्षी?

कृष्णाकाठ (सांगली)

परवा इथे एका सद्गृहस्थांनी 'गोव्यात काय टाळावं' अशी लांबलचक पोस्ट टाकली. कळंगुटची गर्दी, क्लबांची बिलं, सगळं मान्य. पण शेवटी लिहितात, "मडगाव हे गाडीतून उतरून लगेच रिक्षा पकडायचं ठिकाण आहे. तिथे मुक्काम करणाऱ्याची कीव येते." ही कीव मी गेली कित्येक वर्षं पदरात घेतोय, म्हणून हे उत्तर.

मिरजेला गोवा एक्स्प्रेस पकडायची, मडगावला उतरायचं, बाजाराजवळ खोली घ्यायची. सकाळी पातळ भाजी-पाव, मग न्यू मार्केटच्या बोळांतून उगाच फेरी. दुपारी झोप. ऊन उतरलं की आबादे फारिया रस्त्यावरची जुनी घरं बघत होली स्पिरिट चर्चपर्यंत चालत जायचं. पूर्वी त्या जागी दामोदराचं देऊळ होतं, देव जांबावलीला हलवला, हे तिथला कुणीही सांगतो. कोलव्याचा समुद्र सहा किलोमीटरवर आहे. कधी जातो, कधी राहून जातं, आणि त्याची रुखरुख लागत नाही.

मुख्य म्हणजे या गावाला माझी गरज नाही. कुणी "सर, वॉटर स्पोर्ट्स" म्हणून मागे लागत नाही. दुकानदार सुटे मागतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मला सुट्टीत एवढंच हवं असतं. आणि १८९२ मध्ये विवेकानंद राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती ग्रंथ वाचायला आले तेव्हा मुक्काम मडगावातच, दामोदर साल या वास्तूत होता. त्यांचीही कीव करून टाका एकदा.

मांडवीपार (पणजी)

ते सद्गृहस्थ मीच. विवेकानंद अभ्यासाला आले होते, सुट्टीला नव्हे. तुम्ही दुपारी झोपायला येता. झोप सांगलीतही येते.

मडगावचा ट्रॅफिक, सोनसोडोच्या डेपोतला कचरा, पावसात तुंबणारे रस्ते यांतलं काहीच तुमच्या वर्णनात नाही. चार दिवस राहणाऱ्याला गाव छानच दिसतं. माझी नोकरी मडगावात होती. कदंब बसच्या पणजी-मडगाव शटलच्या रांगेत उभं राहून माझे केस पिकले. वाटेतल्या जुवारी नदीवर नवा पूल झाला तोवर माझी बदलीही झाली.

पिंपळकट्टा (मडगाव)

मांडवीपार बाब, पणजीकरांनी ट्रॅफिकवर बोलू नये. स्मार्ट सिटीच्या नावाखाली तुमचे रस्ते किती काळ खणलेले होते ते आम्ही विसरलो नाही.

कृष्णाकाठ, तुम्ही येता त्याला हरकत नाही. फक्त ते "बाजाराजवळ खोली" जगाला ओरडून सांगू नका. सात बुरजांच्या घराचे तीनच बुरुज उरलेत, तेवढे तरी सेल्फीवाल्यांपासून वाचू देत.

वेंगुर्लेकर

मासे खायचे असतील तर मडगाव कशाला? आमच्याकडे या. गोव्यातल्या हॉटेलातली मासळी गोव्यातली असतेच कुठे?

कृष्णाकाठ

माशांबद्दल मी अक्षर लिहिलेलं नाही. पण निघालाच आहात तर सांगतो, मडगावात मी खाल्लेली इसवणाची (सुरमईची) थाळी वेंगुर्ल्यात मिळाली नाही.

पिंपळकट्टा

बघा, आली इसवण! सगळे पाहुणे इसवण, पापलेट आणि सुंगटं (कोळंबी) एवढंच मागतात. त्यामुळे त्यांचे भाव चढतात आणि आम्ही मासळीवालीशी घासाघीस करून स्वस्तातले तारले घेऊन घरी येतो. आमचं शीत-कडीचं (भात-कालवणाचं) जेवण तुमच्या थाळीपायी महागलंय.

मांडवीपार

थाळी म्हणताय तर जुलै २०१८ विसरलात का? मासळीतल्या फॉर्मेलिनचं प्रकरण तुमच्या मडगावच्या घाऊक बाजारातच निघालं. आधी म्हणाले सापडलं, मग म्हणाले मर्यादेत आहे. मयत टिकवायच्या औषधाला मर्यादा कसली? पंधरा दिवस बाहेरची मासळी बंद होती. माझ्या आईनं तेव्हापासून बाजारातली मासळी सोडली ती सोडलीच.

वेंगुर्लेकर

मी काय म्हणत होतो!

पिंपळकट्टा

वेंगुर्लेकर, तुम्ही गप्प बसा. बाहेरची मासळी म्हणजे तुमच्या बाजूचीही. त्या पंधरा दिवसांत तुमचेच ट्रकवाले बोंब मारत होते. शिवाय जून-जुलैत आमच्या ट्रॉलरना बंदी असते हे पाहुण्यांना ठाऊक नसतं. पावसाळ्यात येऊन "ताजं आहे ना?" विचारतात. आम्ही त्या दिवसांत पुरुमेंताच्या फेस्तातली, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रेतली, सुकी मासळी खातो. चर्चजवळ रस्ताभर सुके बांगडे, सोलं, मिरच्या मांडलेल्या असतात, ते बघायला एक पर्यटक येत नाही.

कृष्णाकाठ

मी येतो. सुकं बायकोनं पोतंभर घेतलं आणि परतीच्या डब्यात आमच्या आजूबाजूचे चार जण उठून दुसरीकडे बसले. आपल्या मडगावात मी हेच तर…

मांडवीपार

"आपल्या"? कधीपासून? १६ जानेवारी १९६७ ला कौल झालाय, साहेब. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण व्हायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

डिचोलीकर

हे कुठून काढलंत? आमच्या घरानं त्या दिवशी विलीनीकरणाच्या बाजूनं मत दिलं होतं आणि आजोबा मरेपर्यंत ते अभिमानानं सांगायचे. ते काय गोंयकार नव्हते? मराठीत लिहिणाऱ्या माणसाला "साहेब" म्हणून टोमणा मारायचा आणि किनाऱ्यावर दिल्लीवाले बंगले घेतात तेव्हा गप्प राहायचं. चांगलं आहे.

मांडवीपार

मी गप्प राहिलेलो नाही. माझ्या मागच्या धाग्यावर जा, त्यावरून मला शिव्याही पडल्यात. प्रश्न मडगावला सुट्टी घालवण्याचा होता, तुमच्या आजोबांचा नव्हता.

डिचोलीकर

१९६७ मी आणलं का?

पिंपळकट्टा

दोघंही थांबा. लोहिया मैदानावर जाऊन भांडा, १८ जून १९४६ ला राममनोहर लोहियांनी पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली तेव्हापासून तिथे सगळ्यांना बोलायची सोय आहे.

कृष्णाकाठ, तुमच्यावर माझा राग एवढ्याचसाठी की तुम्ही कार्तिकातल्या दिंडीचं नावही काढलं नाहीत. रात्रभर रस्त्यात बैठका बसतात, मोठमोठे गवई गाऊन जातात. बाहेरच्यानं मडगावला येण्याचं ते खरं कारण. भाजी-पाव काय, म्हापशालाही मिळतो.

कृष्णाकाठ

दिंडीला एकदा आलो होतो. खोली मिळाली नाही. मडगावच्या पिंपळकट्ट्याजवळ एका दुकानाच्या पायरीवर बसून पहाटेपर्यंत गाणं ऐकलं. मुद्दाम लिहिलं नव्हतं, नाहीतर पुढच्या वर्षी पायरीही मिळायची नाही.

मांडवीपार

दिंडी मान्य. वर्षातली ती एक रात्र मडगावला मुक्काम करायला माझी हरकत नाही. उरलेल्या दिवसांची कीव कायम.

अंत्रुजी (फोंडा)

एवढी चर्चा झाली आणि फोंड्याचं नाव कुणी घेतलं नाही! शांतपणा हवा, रिक्षावाला मागे लागायला नको, गाणं हवं, तर आमच्याकडे या. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी सगळं हाकेच्या अंतरावर. केसरबाई आमच्या केरीच्या, अभिषेकीबुवा मंगेशीचे. देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) राहा, जेवण सात्त्विक, फॉर्मेलिनचा प्रश्नच नाही.

कृष्णाकाठ

राहिलोय. रात्री जेवून फेरी मारून आलो तर फाटकाला कुलूप. हाका मारून रखवालदार उठला, त्यानं आधी आमचं गोत्र विचारलं आणि मग किल्ली शोधायला गेला.

अंत्रुजी

कुठलं देवस्थान? नाव सांगा, समितीत माझी ओळख आहे.

कृष्णाकाठ

नाव नाही सांगणार. बायकोचं कुलदैवत आहे, आणि ती हा धागा वाचतेय.