पाउआहींच्या मृत्युपत्रातले शब्द

हवाईतल्या कामेहामेहा शाळा तिथल्या राजकन्या बर्निस पाउआही बिशप यांच्या मृत्युपत्रातून निघाल्या. त्या मृत्युपत्रातच 'फक्त मूळ हवाईयनांना प्रवेश' असं लिहिलंय, असं काही जण म्हणतात. तसं नाही हो. 1883च्या मृत्युपत्रात मुलांची एक, मुलींची एक अशा दोन शाळा सांगितल्या आहेत. हवाईयनांना प्राधान्य आहे ते अनाथ, गरिबांच्या मदतीत. शाळाप्रवेशात मूळ हवाईयनांना प्राधान्य देण्याचं धोरण विश्वस्तांनी ठरवलं, वाद त्यावरच झाला. 2006 मध्ये अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयात 8 विरुद्ध 7 अशा निसटत्या मतांनी ते टिकलं. मला ते योग्यच वाटतं. शाळांसाठी ठेवलेली जमीन मूळ हवाईयनांच्याच पूर्वजांची होती. मात्र मुलांची शाळा 1887 मध्ये निघाली आणि मुलींना 1894 पर्यंत थांबावं लागलं, याचं फार वाईट वाटतं.