कास्ट आयर्न बुलेट लांबच्या प्रवासाला न्यावी की न न्यावी?

सागरी_मार्ग (धागालेखक)

कास्ट आयर्न म्हणजे बीडाच्या इंजिनाची जुनी ३५० सीसी बुलेट वर्षानुवर्षे चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना अलीकडे एकच सल्ला वारंवार मिळतो: गाडी जपा, रविवारी सकाळी एक फेरी मारून आणा, लांबच्या प्रवासाला मात्र नवी मोटारसायकल घ्या. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, तरीही तो मला पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर मांडतो, आणि ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी ते येथे अवश्य लिहावे.

ही गाडी दूर जाण्यासाठीच घडवली गेली. इंग्लंडमधील रेडिचच्या रॉयल एन्फिल्ड कारखान्याने १९४९ साली जी बुलेट बाजारात आणली, तिच्या मागच्या चाकाला स्विंगआर्म (चाकासह वरखाली हलणारा दांडा) आणि शॉकॲब्सॉर्बर होते. त्या काळी अनेक मोटारसायकलींचे मागचे चाक थेट चेसीलाच घट्ट बसवलेले असे आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा चालवणाऱ्याच्या पाठीत उतरत असे. भारतीय लष्कराने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेवरील गस्तीसाठी हीच गाडी पसंत केली आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. पुढे इंग्लंडमधले उत्पादन संपले, पण मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरचा कारखाना चालूच राहिला, आणि १९७७ पासून मद्रासमध्ये बनलेली बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. सत्तर मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि नव्वद मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेले तिचे इंजिन जेमतेम १८ अश्वशक्तीचे आहे, परंतु जड फ्लायव्हीलमुळे (इंजिनाची लय टिकवणाऱ्या चाकामुळे) ते कमी फेऱ्यांवरही दमत नाही. सामान बांधलेली गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये एका लयीत चालत राहते.

तथापि माझी आपुलकी या आकड्यांवर उभी नाही. या गाडीने मला तिचे अंतरंग उघडून पाहू दिले, हे त्या आपुलकीचे खरे कारण आहे. टॅपेटचे, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे, झाकण एका नटावर बसते. ते काढून इंजिन थंड असताना पुशरॉड (व्हॉल्व्हकडे रेटा पोचवणारा दांडा) बोटांनी सहज फिरतो आणि तरी वरखाली हलत नाही, इतके पाहिले की टॅपेटचे अंतर बरोबर लागले, त्यासाठी फट मोजायची पट्टी, फीलर गेजसुद्धा लागत नाही. किक मारण्यापूर्वी ॲम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आला की पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा विजेचा संपर्क) उघडल्याचे कळते. मग डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून पिस्टन किंचित पुढे न्यायचा आणि पूर्ण किक मारायची. ही समज पुस्तकातून येत नाही. ती रस्त्याच्या कडेला, हात काळे करून येते आणि प्रवास थांबला की हळूहळू विसरली जाते. म्हणून गाडी जपायची असेल तर ती दूरवर नेली पाहिजे, असे माझे मत आहे.

घाटमाथा

आपल्या लेखातील जिव्हाळ्याचा मला आदर आहे, परंतु निष्कर्षाला माझा स्पष्ट विरोध आहे. आपण इंजिनाविषयी भरभरून लिहिले आणि ब्रेकविषयी एक शब्दही लिहिला नाही. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असलेली, सामानासह दोनशे किलोच्या आसपास जाणारी गाडी आंबोली किंवा परशुराम घाट उतरत असताना पुढच्या वळणावर अचानक उभा ट्रक दिसला, तर वर्षानुवर्षांच्या स्नेहाने थांबण्याचे अंतर एका फुटानेही कमी होत नाही. लांब उतारावर ड्रम तापतो, आतील घर्षणपट्टीची, म्हणजे लायनरची, पकड घटते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी लिव्हर दाबूनही गाडी धावतच राहते. भारतात १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या मोटारसायकलींना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, ते याच कारणासाठी.

दुसरा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली. आज घरोघरी जी दुसरी मोटारसायकल असते तिची मांडणी याच्या उलट असते. दोन्ही गाड्या चालवणाऱ्या माणसाने संकटात ब्रेक समजून उजवा पाय दाबला, तर बुलेट थांबायच्या ऐवजी वरच्या गिअरमध्ये जाते आणि इंजिनाचा जो थोडाफार रोध मिळत होता तोही कमी होतो. हा दोष सावधपणाने पूर्णपणे भरून निघत नाही, कारण संकटात पाय विचार करून हलत नाही.

सागरी_मार्ग

आपले दोन्ही मुद्दे खरे आहेत, मात्र त्यांवरून ‘नेऊ नये’ हा निष्कर्ष निघत नाही. ‘कशी न्यावी’ एवढेच त्यांतून ठरते. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा नियम आमच्या पिढीच्या अंगवळणी पडला आहे. जड फ्लायव्हीलमुळे थ्रॉटल मिटल्यावर ही गाडी लगेच मंदावत नाही, हे ओळखून वळणाच्या बऱ्याच आधीपासून वेग उतरवावा लागतो. राहिला पायांचा घोटाळा. ज्याच्याकडे हीच एक मोटारसायकल आहे त्याला तो होत नाही, आणि माझ्याकडे हीच एक आहे.

शिवाय मार्ग निवडणे आपल्या हाती असते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना मुळातच बंद आहेत. किनाऱ्याने दिघी, दाभोळ आणि जयगडच्या खाड्या फेरीबोटीतून ओलांडत जाणाऱ्या रस्त्यावर ताशी पन्नासचा वेगही पुष्कळ होतो, आणि बुलेट त्या वेगात सर्वांत सुखी असते.

नवी_वाट

मी पूर्वी जुनी बुलेट चालवत असे. आता २०२३ मध्ये आलेली जे-सिरीज इंजिनाची बुलेट चालवतो. त्या अनुभवावरून सांगतो की लांबच्या प्रवासासाठी हवे असलेले बहुतेक सर्व काही नव्या गाडीत आहे आणि नको असलेले बरेचसे गेले आहे. बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर, म्हणजे इंजिनाचा लांब स्ट्रोकचा स्वभाव कायम आहे. कंपन कमी करणाऱ्या बॅलन्सर शाफ्टमुळे हाताला मुंग्या येत नाहीत. पुढे डिस्क ब्रेक आहे. लडाखमध्ये हा फरक फार जाणवतो. खारदुंग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे. तेथे हवा विरळ झाल्यामुळे कार्बोरेटरच्या (हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या साध्या भागाच्या) गाडीत पेट्रोलचे प्रमाण जास्त होते, प्लग काळा पडतो आणि चढावर इंजिन गुदमरते. पेट्रोल इंजेक्शन असलेली गाडी हवेचा दाब मोजून पेट्रोल स्वतःच कमी करते, चालवणाऱ्याने फक्त समोरच्या रस्त्याकडे लक्ष द्यायचे.

धागालेखकांनी गाडी उघडून पाहण्याच्या आनंदाविषयी लिहिले आहे. तो आनंद मीही घेतला आहे. परंतु प्रवासाला निघालेल्या माणसाला प्रदेश पाहायचा असतो, माणसे भेटायची असतात. अर्धा दिवस कडेला बसून पॉइंट घासण्यात गेला तर तो दिवस प्रवासातून वजा होतो, असे मला मनापासून वाटते.

गॅरेजवाला

माझा धंदाच या गाड्यांचा आहे, म्हणून थोडे लिहितो. वरचे तिघेही ज्या गोष्टीविषयी बोलले नाहीत ती बिग एंडची. जुन्या ३५० बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) खालच्या टोकाला, म्हणजे बिग एंडला, रोलर बेअरिंग नसून फ्लोटिंग बुश (सैल फिरणारी धातूची कडी) असतो. ऑईल स्वच्छ आणि पुरेसे असेल व वेग साठ-पासष्टच्या आत असेल तर तो दीर्घकाळ टिकतो, पण महामार्गावर इतरांच्या बरोबरीने राहण्यासाठी तासन्‌तास ऐंशी-नव्वदने पळवली तर तो खराब होतो, आणि मग पूर्ण इंजिन खोलावे लागते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मोठ्या कामांचे मूळ म्हाताऱ्या गाडीत नसते, उतावळ्या चालवणाऱ्यात असते.

सुटे भाग मिळत नाहीत, ही तक्रार बरोबर नाही. पुण्याच्या नाना पेठेत आणि दिल्लीच्या करोल बागेत जवळजवळ सर्व काही मिळते. प्रत्येक वस्तूचा दर्जा मात्र हातात घेऊन तपासावा लागतो. कारागीर कमी होत चालले आहेत, ही खरी अडचण आहे. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) व्ही-ब्लॉकवर ठेवून, डायल गेज लावून, तांब्याच्या हातोड्याने ठोकत सरळ करणारे हात आता थोडे उरले आहेत. नवीन मुलांना हे शिकायला वेळ नाही, आणि त्यांना दोष तरी कसा देणार? महिन्याला अशी दोन इंजिने आली तर पोट भरत नाही. म्हणून मी धागालेखकांच्या बाजूने आहे: गाड्या चालत राहिल्या तरच त्या दुरुस्त करणारे टिकतील.

आणखी एक सूचना. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्या व सील त्याने खराब होतात. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधील पेट्रोल काढून टाकावे आणि नळ्या नव्या घालाव्यात. दूर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी एवढे तरी करावे.

शांत_गल्ली

या चर्चेत रस्त्यावरील इतरांचा विचार झालेला दिसत नाही. मी मोटारसायकल चालवत नाही, पण ज्या रस्त्याने आपण जाता त्याच्या कडेला राहतो. मार्च २०००च्या अखेरपर्यंत बनलेल्या दुचाकींना पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची ४.५ टक्के मर्यादा आहे आणि त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांना ३.५ टक्के, म्हणजे जुन्या गाडीला अधिक धूर सोडण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. त्यात या गाड्यांना धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. आवाजाबद्दल तर काय लिहावे! रात्री अकरा वाजता फटाके वाजवत जाणाऱ्या बुलेटमुळे घरातील वृद्ध आणि तान्ही मुले दचकून उठतात. आपल्या आठवणींची किंमत आम्ही का द्यावी?

गॅरेजवाला

आवाजाची तक्रार रास्त आहे, फक्त ती चुकीच्या गाडीच्या नावावर मांडली जात आहे. कारखान्यातून आलेल्या जुन्या बुलेटचा लांब सायलेन्सर धीम्या, खोल आवाजाचा असतो. फटाके वाजतात ते आतील जाळी काढलेल्या किंवा बाहेरून आणून लावलेल्या सायलेन्सरचे, आणि त्यांतील बहुतेक गाड्या नव्या असतात. तसे सायलेन्सर मी बसवत नाही आणि पोलिसांनी ते जप्त करून नष्ट केले तर मला आनंदच होतो. धुराचे आपले म्हणणे मात्र मला खोडता येत नाही.

थेम्सकाठी

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला मराठी माणूस म्हणून येथील व्यवस्था सांगतो, कारण हा प्रश्न शेवटी कायद्यापाशी येणारच आहे. येथे चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात फार बदल न केलेल्या वाहनाला रस्ताकर माफ होतो आणि वार्षिक तपासणीतूनही सूट मिळते. तरीही ते सर्वसाधारण रस्त्यावर हवे तितके चालवता येते. मद्रासहून येथे आलेल्या सुरुवातीच्या बुलेट आता या वर्गात मोडतात आणि त्यांचे मालक त्या घेऊन वेल्सच्या डोंगरांत जातात.

भारतात २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम झाले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते आणि पहिल्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये लागतात, पण असे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे वारसा म्हणून नोंद केली की प्रवास संपला. माझ्या मते हा नियम या गाडीच्या स्वभावाला धरून नाही. ज्यांना दूर जायचे आहे त्यांनी पंधरा वर्षांनंतरच्या नेहमीच्या पुनर्नोंदणीचाच मार्ग धरावा.

घाटमाथा

थेम्सकाठी यांच्या माहितीबद्दल आभार, परंतु तेथील मोकळीक आपल्याकडे जशीच्या तशी आणावी, असे मला वाटत नाही. तपासणीतून सूट देणे तर आपल्याकडे धोक्याचे होईल. जुन्या गाडीची तपासणी उलट अधिक कडक हवी, आणि ब्रेकची सर्वांत कडक.

धागालेखकांना एक सरळ प्रश्न विचारतो. आपण स्वतः जोखीम पत्करता तो आपला अधिकार आहे. पण मागच्या सीटवर पत्नी, मुलगा किंवा मित्र असेल तर? त्याला टॅपेटही ठाऊक नसतो आणि तापलेला ड्रमही. तो केवळ आपल्यावरील विश्वासाने बसलेला असतो. या गाडीवरील आपले प्रेम त्याने का वाहावे?

सागरी_मार्ग

हा प्रश्न या चर्चेतील सर्वांत योग्य प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही. लांबच्या प्रवासात मी मागे कोणालाही बसवत नाही. अंधार पडल्यावर गाडी चालवत नाही, कारण तिचा ३५ वॅटचा दिवा आजच्या मोटारींच्या प्रखर प्रकाशासमोर निष्प्रभ ठरतो. पावसात घाट उतरत नाही. ब्रेकच्या कडक तपासणीची आपली मागणी मला मान्य आहे आणि अशी तपासणी सुरू झाली तर मी गाडी घेऊन पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन.

नवी_वाट यांच्याशी मात्र माझा मतभेद कायम आहे. कडेला थांबून पॉइंट साफ करण्यात गेलेला वेळ प्रवासातून वजा होतो, असे ते म्हणतात. माझ्या अनुभवात अशा थांब्यांवरच गावकरी जवळ येतात, कोणी पाणी आणून देते, आपल्या काकांच्या बुलेटविषयी कोणी बोलू लागते, आणि ज्या गावात थांबण्याचे काहीच कारण नव्हते त्या गावाशी ओळख होते. माणसे भेटावीत म्हणूनच निघालो असेन, तर तो वेळ वाया गेला असे मी कसे म्हणू? थंडी सुरू झाली की पुढच्या ड्रमला नवे लायनर घालून मी दाभोळमार्गे दक्षिणेकडे निघणार आहे. वेग ताशी पन्नास राहील. घाटमाथा यांनी त्यांच्या एबीएसच्या गाडीवर सोबत यावे, अशी मनापासून विनंती आहे.

घाटमाथा

येईन. पण उताराला पुढे मी राहीन, आणि प्रत्येक घाटानंतर आपला ड्रम हात लावून पाहीन. तो तापलेला आढळला तर तेथून पुढचा मार्ग मी ठरवणार, हे आधीच मान्य करा.