रस्ता उंच झाला, अंगण खाली राहिलं: गेट ते पोर्च भर कशाची टाकावी?

बार्शीकर
समोर काँक्रीटचा रस्ता झाल्यापासून गेटच्या आतली जागा रस्त्यापेक्षा 14 इंच खाली आहे. लांबी 40 फूट, रुंदी 10 फूट, खाली काळी माती. जोतं आत्ताच्या जमिनीपासून दीड फूट वर. वर 60 एमएम पेव्हर बसवायचे आहेत, वापर एका कारचा. पाडकामाचा राडारोडा फुकट मिळतोय. तो टाकावा, मुरूम घ्यावा की डबराचं सोलिंग (मोठे दगड रचून केलेला थर) करावं? किती ब्रास लागेल? आणि आत्ता भर टाकून पावसाळ्यात आपोआप बसू दिली तर चालेल का?

थरावर_थर
राडारोडा नको. त्यात विटांचे तुकडे, प्लास्टरचे ढेपसे, लाकूड, गोण्या सगळंच असतं. मोठ्या तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात, पावसाचं पाणी वरची बारीक माती त्या पोकळ्यांत ओढून नेतं आणि वर्ष-दोन वर्षांत चाकांच्या रेषेत पेव्हर खचतात. फुकटची भर पेव्हर उचलून पुन्हा करायला लागली की सगळ्यात महाग पडते.

आधी लेव्हल ठरवा. गेटच्या उंबऱ्याला रस्त्यापेक्षा 2 इंच वर, म्हणजे आत्ताच्या जमिनीपासून 16 इंच वर (+16). पोर्चपाशी +12, म्हणजे जोत्याच्या 6 इंच खाली. असा लांबीचा उतार घराकडे येतो, म्हणून रुंदीत 50 ला 1 उतार द्या. 10 फुटांत साधारण अडीच इंच, घराच्या उलट बाजूला. त्या कडेनं उघडी नाली काढा आणि पोर्चच्या आधी जाळीची आडवी नाली. नालीचा तळ रस्त्याच्या गटारापेक्षा वर राहतो का, हे दोरी आणि ट्यूबलेव्हल (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून पहिल्याच दिवशी बघा. तो खाली जात असेल तर बाकीचं सगळं नियोजन बदलतं.

आता हिशोब. उतार धरून सरासरी उंची 13 इंच येते, म्हणजे 433 घनफूट. वरची 9 इंच काळी माती काढायची, त्या जागी 300. एकूण 733. पेव्हर आणि खालची वाळू मिळून 4 इंच, ते 133 वजा. राहिले 600 घनफूट, म्हणजे दाबून बसलेली 6 ब्रास भर. सुटा माल तीस टक्के जास्त धरा, पावणेआठ ब्रास होतात. त्यात खालचे 12 इंच मुरूम, सव्वापाच ब्रास. वरचे 6 इंच जीएसबी, म्हणजे खडी आणि बारीक चुरीचं मिश्रण, अडीच ब्रासच्या थोडं वर. गाडी आली की हौद्याची लांबी-रुंदी-उंची फुटांत मोजून 100 नं भागा, तोंडी ब्रासवर जाऊ नका. मुरूम गौण खनिज आहे, रॉयल्टीची पावती मागा.

मुरूम घेताना मूठभर ओला करून दाबा. गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारली की फुटावा. हाताला चिकट लगदा लागून राहिला, गोळ्याची वळी होत असेल तर तो माती-मुरूम आहे, परत पाठवा. ओला झाला की तोही काळ्या मातीसारखाच मऊ पडतो.

डबर_खाणवाला
सोलिंगला एवढं नाकारू नका. 9 इंची डबर हातानं उभा रचून फटीत मुरूम ठोकला तर तो हलत नाही.

थरावर_थर
कठीण तळावर बरोबर. पण काळी माती पावसाळ्यात फुगून मऊ होते, दगडाची टोकं तिच्यात रुततात आणि चिखल फटीतून वर येतो. डबर वापरायचाच असेल तर आधी 6 इंच दाबलेला मुरूम हवा. इथं एकूण भर 18 इंचच आहे, त्यामुळे मला जीएसबी सरस वाटते. मातीवर 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचं) न विणलेलं जिओटेक्स्टाईल कापड एक फूट ओव्हरलॅप देऊन अंथरा. माती मुरमात मिसळत नाही.

पावसावर सोडू नका. पाणी मारून वाळू बसते, मुरूम नाही. सुटा 8 इंच पसरा, पाणी शिंपडून ओलसर करा, एक टनी बेबी रोलर फिरवा, 6 इंच होईल. प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट पाट्यानं ठोकून दाबणारं यंत्र) असेल तर 4 इंचांचेच थर. पुढचा थर टाकायच्या आधी टाच जोरात मारून बघा, खड्डा पडला तर पुन्हा रोलर. वरच्या वाळूत क्रशरची बारीक डस्ट नको, ती पाणी धरून ठेवते. धुतलेली क्रशर वाळू, साधारण पाऊण ब्रास लागेल. पाण्याचा टँकर आत घेणार असाल तर 80 एमएम पेव्हर आणि 8 इंच जीएसबी.

गवंडी_नजर
तीन गोष्टी राहिल्या. कंपाऊंडची भिंत साडेचार इंची असेल तर ती 18 इंच भर आणि वर गाडीचा भार पेलणार नाही, बाहेर कलेल. तिच्या अलीकडे एक फूट मोकळी जागा सोडून भरीला स्वतःची काँक्रीटची कड द्या. ती कड पेव्हरनाही धरून ठेवते. नळाची पाईपलाईन खालून जात असेल तर आत्ताच मोठ्या पाईपातून ओढा, चेंबरची तोंडंही नव्या लेव्हलला उचला.

आणि गेट आत उघडत असेल तर ते 16 इंच भरीवर अडणार. आधी बिजागऱ्या वर घ्या, मग मुरमाची गाडी बोलवा.