मदत हवी आहे: तांब्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) किती घट्ट बसतो? गणनेतली पेशी (पुन्हा पुन्हा येणारा पृष्ठभागाचा तुकडा) बदलली की आकडा बदलतो

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत राहते, ठाण्यात पीएचडी करते, दुसरं वर्ष. आमची लॅब प्रयोगवाली. डीएफटी, म्हणजे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा संगणकावर काढणं, मी एकटीच करते, त्यामुळे शेजारच्या टेबलावर विचारावं असं कुणी नाही.

कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करताना तांब्याच्या इलेक्ट्रोडवर मध्येच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो फार घट्ट बसला तर जागा अडवतो, सैल बसला तर पुढची क्रिया व्हायच्या आत सुटून जातो. म्हणून हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.८ व्होल्टला त्याची अधिशोषण ऊर्जा, म्हणजे तो पृष्ठभागाला किती घट्ट चिकटतो त्याचा आकडा, हवी आहे.

तांब्याचा १११ पृष्ठभाग (स्फटिक एका ठरावीक दिशेने कापलेला), चार थरांचा स्लॅब, खालचे दोन थर गोठवलेले. गणना व्हास्प या प्रोग्रॅमने, पीबीई या नेहमीच्या अंदाजसूत्राने, पाण्याचा परिणाम व्हास्पसोल या जोडणीने. व्होल्टेज आणायला ०.५ इलेक्ट्रॉन जादा घातला, नुसत्या स्लॅबलाही आणि सीओ बसवलेल्यालाही तेवढाच. मग वजाबाकी. २×२ पेशीत (दोन्ही बाजूंना दोन-दोन अणू) एक उत्तर, ३×३ मध्ये दुसरं, ४×४ मध्ये तिसरंच. चार्ज नसताना तिन्ही बऱ्यापैकी जुळतात. के-पॉइंट आणि कटऑफ या गणनेच्या बारकाईच्या सेटिंग; के-पॉइंट पेशीप्रमाणे बदललेत, कटऑफही वाढवून पाहिला. तीन आठवडे गेले. लोकलमध्येही आउटपुट फाइल उघडूनच बसते. कुठे चुकतंय?

प्रतिसाद (कोपरखैरणे)

ताई, के-पॉइंट सोडा, घोळ त्या ‘तेवढाच’ मध्ये आहे. २×२ च्या वरच्या थरात ४ अणू, ४×४ मध्ये १६. तोच अर्धा इलेक्ट्रॉन चौपट जागेत पसरला तर व्होल्टेज सारखं कसं राहील? त्यात सीओ बसला की वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, तीच इथे व्होल्टेज ठरवते) आणखी सरकतं. म्हणजे तुम्ही चार्ज स्थिर धरलाय, प्रयोगात स्थिर असतं ते व्होल्टेज.

हायड्रोजन इलेक्ट्रोडची निरपेक्ष पातळी ४.४४ व्होल्ट धरतात. तुमच्या उणे ०.८ साठी वर्क फंक्शन ३.६४ इलेक्ट्रॉनव्होल्ट यायला हवं. प्रत्येक स्लॅबला तिथपर्यंत न्यायला लागतील तेवढे इलेक्ट्रॉन वेगवेगळे घाला. मग सरळ ऊर्जा वजा करू नका, दोन्हींतले इलेक्ट्रॉन आता सारखे नाहीत. प्रत्येकाच्या ऊर्जेतून जादा इलेक्ट्रॉन गुणिले फर्मी पातळी (धातूतल्या सर्वांत वरच्या भरलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा) आधी काढून टाका. फर्मी पातळीचं शून्य द्रावणाच्या आतल्या सपाट विभवावर धरायचं.

डिबाय लांबी, म्हणजे द्रावणातले आयन पृष्ठभागाचा चार्ज किती अंतरात झाकतात ती, दिली आहे ना? १ मोलरला साधारण ३ अँगस्ट्रॉम. नसेल तर चार्जची भरपाई आयन करत नाहीत, सगळ्या पेशीभर पसरलेली पार्श्वभूमी करते, आणि तो आकडा निरर्थक असतो.

तपासायचं कसं: व्होल्टेजविरुद्ध ती नवी ऊर्जा काढा. उलटा पॅराबोला यायला हवा, शेंडा शून्य चार्जच्या व्होल्टेजला.

धागाकर्ती

मनापासून आभार! डिबाय लांबी दिलीच नव्हती. आत्ता जुन्या फाइलींतून वर्क फंक्शन काढलं, तीन पेशींत तीन वेगळी. आज रात्री ३×३ पुन्हा लावते.

एक राहिलं. पीबीई सीओला तांब्याच्या तीन अणूंमधल्या खळग्यात बसवतं, प्रयोगात तो अणूच्या डोक्यावर दिसतो. मग दोन्ही जागांसाठी इलेक्ट्रॉन वेगवेगळे जुळवायचे का?

प्रतिसाद (कोपरखैरणे)

हो, दोन्हींसाठी. जागा बदलली की पृष्ठभागावरचा द्विध्रुव (धन-ऋण चार्जची विभागणी) बदलतो, म्हणजे त्याच व्होल्टेजला लागणारा चार्जही.