तारेला टोचलेली पत्रे

माणदेशी: जुन्या घराची डागडुजी करताना खुंटीवर पत्रांची तार सापडली, म्हणून आपले अनुभव विचारतो आहे. १९७२ च्या दुष्काळात मी पुण्यात शिकत होतो. वडिलांना लिहिता येत नसल्यामुळे पत्र शाळेतले गुरुजी लिहीत. ‘इकडील सर्व क्षेम’ पासून ‘कळावे’ पर्यंत भाषा गुरुजींची असे, आणि मध्येच ‘मृग कोरडा गेला, खोंड तेवढा ठेवलाय’ असे एखादे वाक्य वडिलांच्या तोंडून जसेच्या तसे उतरलेले असे. त्याचा अर्थ बैलजोडी विकली असा होता, हे मला सुट्टीत गोठा पाहिल्यावर उमगले. तारेवर अर्थातच माझी पत्रे आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकात खानावळीच्या पैशांची मागणी आहे. ते पैसे आई दुष्काळी कामावर खडी फोडून मिळवत होती. त्यांची पत्रे मी जपली नाहीत.

रानवारा: आमचे थोरले काका सैन्यात होते. त्यांच्या पत्त्यात गाव नसे, केवळ ‘५६ ए.पी.ओ.’ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय असे, त्यामुळे हे छप्पन्न गाव कोणत्या जिल्ह्यात येते, असे आजी प्रत्येक पत्राच्या वेळी विचारी.

पाटणकर: मनीऑर्डरीच्या फॉर्मवर निरोपाला दोन बोटे जागा असे. वडील मुंबईला गिरणीत होते, आणि तेवढ्या जागेत ते पेरणी, धाकट्याची फी व आजीचा खोकला असे सगळे विचारून घेत. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, मनीऑर्डर थांबली, आणि पुढे आजोबांनीच ज्वारीचे पोते पाठवले. सुतळीत खोचलेल्या चिठ्ठीत ‘पोते परत धाडणे’ एवढेच होते.

रानवारा: पोते परत मागणारे आजोबा आवडले! आमच्याकडे पत्र पोस्टमनच वाचून दाखवत, आणि बातमी वाईट असली की ते आधीच चहा नको म्हणत. माणदेशी, गुरुजी लिहिण्याचे काही घेत असत का?

माणदेशी: पैसे घेत नसत, मात्र सुगीत त्यांच्याकडे शेंगा पोचत. त्या वर्षी शेंगा नव्हत्या, तरी पत्रे आली. तारेवरच्या माझ्या एका पत्राच्या पाठीवर गुरुजींच्या अक्षरात ‘वाचून दाखविले, पैशांचा भाग वगळून’ असे लिहिलेले आहे.