मॅरित्झबर्गचा ओव्हरकोट
दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरित्झबर्गला गाडीतून उतरवलं आणि एका रात्रीत गांधी घडले, असं म्हटलं जातं. इतकं सरळ नाही हो ते. जून १८९३, तिथला कडक हिवाळा, वेटिंग रूममध्ये दिवा नाही. ओव्हरकोट सामानात, सामान रेल्वेवाल्यांकडे. पुन्हा अपमान नको म्हणून मागायलाही गेले नाहीत, कुडकुडत बसले. मला तो न मागितलेला कोटच जास्त बोलका वाटतो.

पण तिथल्या नाताळ वसाहतीत गांधींची नाताळ इंडियन काँग्रेस ही संघटना उभी राहिली १८९४ मध्ये, हिंदी (म्हणजे भारतीय) लोकांचा मताधिकार काढणारं विधेयक आल्यावर. आणि तो लढा हिंदींपुरताच. आफ्रिकी लोक त्यात नव्हते, हेही नोंदवायला हवं.

बाबासाहेब आंबेडकरांचं नेमकं उलट, अपमान परदेशात नाही, मायदेशी. न्यूयॉर्कमध्ये अस्पृश्यता विसरले, आणि परतल्यावर बडोद्यात लाठ्या घेऊन आलेल्यांनी पारशी उतारगृहातून बाहेर काढलं.